सिंहगड पाऊण तासात, मग लेहची भीती कशाला?

प्रश्न : वय 46. दर रविवारी सिंहगड पाऊण तासात चढतो. जूनमध्ये विमानाने लेहला जातोय, दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही लेहहूनही उंच खिंड. दमसास उत्तम आहे, तेव्हा उंचीच्या त्रासाच्या गोळ्याबिळ्या नकोत ना?

उत्तर : आधी तो दुसऱ्या दिवसाचा बेत मोडा. सिंहगड 1,300 मीटर, लेह 3,500. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणून दर श्वासात माल कमी. शरीर श्वास वाढवतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त निघून रक्ताची आम्लता घटते. ते मूत्रपिंडं काही दिवसांत सावरतात (लघवी वाढली तर घाबरू नका). तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. सिंहगडावर यातलं काहीच आधी उरकून ठेवता येत नाही.

मीही ही हुशारी केलीय. उतरल्या उतरल्या बॅग खांद्यावर टाकून दोन जिने चढलो. रात्रभर डोकं ठणकत होतं आणि समोर बाकरवडीचं पाकीट टम्म फुगलेलं!

पहिले दोन दिवस लेहमध्येच लोळा, दारू नको. ॲसिटाझोलामाइडचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. झोकांड्या जायला लागल्या किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. खारदुंग ला चौथ्या दिवशी करा, आणि वर पंधरा मिनिटंच.