द सिम्पसन्स ही अमेरिकन कार्टून मालिका मॅट ग्रेनिंगने लॉबीत बसल्या बसल्या तयार केली, हे खरं आहे का?

लॉबीची गोष्ट खरी आहे. ग्रेनिंगने स्वतःच ती सांगितलेली आहे. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं: "म्हणजे कल्पना दमदार असली की चित्रं काढणारे पगारावर मिळतातच. माझ्याकडेही एका भांडखोर कुटुंबाची कल्पना आहे, ती कुणाला विकता येईल?"

आधी लॉबी. ग्रेनिंग १९७७ पासून 'लाइफ इन हेल' नावाची सशांची चित्रमालिका काढत होता. ती पाहून निर्माता जेम्स एल. ब्रूक्सने त्याला ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमासाठी छोटी छोटी कार्टून्स करायला बोलावलं. भेटीच्या आधी ग्रेनिंगच्या लक्षात आलं की ससे दिले तर त्यांचे हक्कही जातील. म्हणून ब्रूक्सच्या ऑफिसच्या लॉबीतच बसून त्याने नवं कुटुंब काढलं आणि घरचीच नावं देऊन टाकली. वडील होमर, आई मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःच्या जागी बार्ट. पुढे फ्लँडर्स, लव्हजॉय, क्विम्बी ही नावं आली ती त्याच्या पोर्टलंडमधल्या रस्त्यांवरून. लॉबीतली मिनिटं सगळे मोजतात, सशांची दहा वर्षं कुणी धरत नाही.

पण आज आपण ओळखतो ते रूप लॉबीत आलेलं नाही. ग्रेनिंगने कच्ची रेखाटनं दिली, ॲनिमेटर ती नीट करून घेतील या भरवशावर. डेव्हिड सिल्व्हरमन, वेस आर्चर वगैरे मंडळींनी ती तशीच्या तशी गिरवली आणि १९ एप्रिल १९८७ ला पहिलं कार्टून दिसलं. सुरुवातीचा तो ओबडधोबडपणा तिथून आला. पिवळा रंग क्लास्की-चुपो स्टुडिओतल्या ज्योर्जी पेलूस या रंगकर्मी बाईंनी निवडला. बार्ट, लिसा, मॅगीच्या कपाळावर केस कुठे सुरू होतात ती रेघच नाही, त्यामुळे कातडी आणि केस एकाच रंगात जायला हवे होते. पिवळ्याने तो पेच सुटला. जगभर ज्या रंगावरून ही मालिका लांबून ओळखू येते तो निवडणाऱ्या बाईंचं नाव किती जणांना माहीत आहे?

मला हे झोंबतं, कारण मी हेच काम केलंय. कोल्हापुरात जी. डी. आर्ट करून अंधेरीच्या एका स्टुडिओत इनबिटवीनर म्हणून लागले. परदेशी मालिकेचं काम यायचं. मुख्य पोझ तिकडून, मधली चित्रं आमची. एका भागात आजी खुर्चीतून उठते असा शॉट होता. दोन की ड्रॉइंग्ज, एक बसलेली, एक उभी. मधली चित्रं किती आणि कुठे हे सांगणारा चार्ट सोबत असायचा. त्याप्रमाणे बरोब्बर मधली चित्रं काढली तर आजी वर तरंगत गेल्यासारखी दिसायची. मी लाइट बॉक्सवर पुन्हा पुन्हा कागद चाळून पाहिले आणि चार्ट बाजूला ठेवला. आधी तळहात खुर्चीच्या दांड्यावर दाबला, मग डोकं पुढे, मग कंबर, आणि गुडघे सगळ्यात शेवटी. मध्ये एक चित्र ती दम घ्यायला थांबते असं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. माझी आजी तशी उठायची. तिकडच्या दिग्दर्शकाचा शेरा आला, ही आजी पुढच्या भागांतही अशीच उठेल, हे मॉडेल शीटला, म्हणजे पात्र कसं काढायचं त्या नमुन्याच्या कागदाला, जोडा.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा मी गावी होते. घरातले सगळे जमले. आजी खुर्चीतून उठली आणि काका मोठ्याने म्हणाले, "अरे, ही तर आपली आई!" मी अशी सुखावले! मग श्रेयनामावली आली. लेखक, दिग्दर्शक, निर्मात्यांची रांग, आणि अगदी शेवटी स्टुडिओचं नाव. आमच्यापैकी कुणाचंच नाही. काका वळून म्हणाले, "बरोबरच आहे ना. कल्पना त्यांची. तुम्ही गिरवणारे." ज्या माणसाने त्या चित्रांत स्वतःची आई ओळखली, तोच हे म्हणत होता. मुंबईला परतून मी स्टुडिओच्या साहेबांकडे नावांचा विषय काढला, तर "करारात नाही" एवढंच उत्तर मिळालं.

आता सिम्पसन्सचंच उदाहरण घ्या. अर्ध्या तासाच्या मालिकेचा पहिला भाग म्हणून 'सम एन्चांटेड ईव्हनिंग' बनवला होता. तो कोरियाहून ॲनिमेट होऊन आला तेव्हा ब्रूक्सला अजिबात चालला नाही. पात्रं रबरासारखी वाकत होती. कल्पना तीच, संवाद तेच, आवाज तेच, तरी मालिका बंद पडायची वेळ आली. 'बार्ट द जीनियस' हा पुढचा भाग नीट उतरला म्हणून वाचली. आधीच्या भागाचं साधारण सत्तर टक्के ॲनिमेशन पुन्हा करावं लागलं, १७ डिसेंबर १९८९ ला नाताळचा भाग पुढे करून सुरुवात केली, आणि तो बिघडलेला भाग दुरुस्त होऊन १९९० च्या मे महिन्यात हंगामाच्या शेवटी लागला. कल्पनाच सगळं असती तर तो भाग पहिल्या फटक्यात चालायला हवा होता, काका!

लेखनाचंही तेच. लेखकांचा गट उभा केला तो ग्रेनिंग आणि ब्रूक्सबरोबर मालिका घडवणाऱ्या सॅम सायमनने, मिस्टर बर्न्ससारखी कितीतरी पात्रं त्याच्याकडून आली. तो १९९३ मध्ये मालिकेतून बाहेर पडला, २०१५ मध्ये वारला. सामान्य प्रेक्षक आजही फक्त ग्रेनिंगचं नाव घेतो.

तेव्हा तुमची कल्पना विकण्याचं. नुसती कल्पना विकता येत नाही, कारण आपल्याकडे कल्पनेला कॉपीराइटच नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ते स्पष्ट केलंय. जे लिहिलं, जे काढलं, त्याला संरक्षण आहे. म्हणून पटकथा लिहा, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, आणि एखाद्या चांगल्या चित्रकाराला पहिल्या दिवसापासून भागीदार म्हणून सोबत घ्या, पगारी हात म्हणून नाही. करारात काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव येईल असं कलम घाला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही "हे मी केलंय" असं म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडे राहतो. त्या साहेबांसमोर उभी होते तेव्हा हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून इथे ठळकपणे सांगतेय.

ग्रेनिंगला मी कमी लेखत नाहीये. ससे न देण्याचं शहाणपण त्याचंच होतं आणि ते शिकण्यासारखं आहे. शिवाय माझा अनुभव कागदावरच्या कामाचा, आता सगळं टॅबलेटवर होतं, दर आणि करार बदललेत. त्या स्टुडिओत पगार वेळेवर मिळायचा, हेही सांगायला हवं.

कुणाला विकायची हे मात्र मी आत्ता सांगणार नाही. निदान दोन मिनिटांचं ॲनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रं आवाजासकट एकामागून एक लावलेली फिल्म, तयार करा, त्यावर ते काढणाऱ्याचं नाव घाला, आणि मग विचारा.