गेटपासून घरापर्यंतची ४० बाय १० फुटांची वाट ९ इंच उचलायची आहे. मुरूम किती मागवू?

४ ब्रास मागवा. ४० × १० × पाऊण फूट म्हणजे ३०० घनफूट, म्हणजेच ३ ब्रास. पण सुटा मुरूम दाबल्यावर साधारण पाव भाग बसतो, म्हणून एक ब्रास जादा. गाडी आली की हौदा टेपने मोजा, मगच रिकामी करू द्या. मालात मुळं, पालापाचोळा किंवा नुसती तांबडी माती दिसली तर सरळ परत पाठवा. कोकणातल्या पहिल्याच पावसात तिचा चिखल होतो आणि चाकं रुततात. आधी वरची भुसभुशीत माती खरवडून काढा. मग सुट्या मुरमाचे ६-६ इंचांचे दोन थर (दाबून मिळून ९ इंच होतात), प्रत्येकावर पाणी शिंपडून रोलर. एकदम १२ इंच टाकून वरून रोलर फिरवला तर खालचं पोकळच राहतं. मधला भाग कडांपेक्षा दीड-दोन इंच उंच ठेवा. मात्र खाली भातखाचराची मऊ जमीन असेल तर आधी डबराचा, म्हणजे मोठ्या दगडांचा, थर घालावाच लागेल.