अमेरिकेत माउंट होल्योक कॉलेजला निघालीस ना, मग हे ऐक

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणता, असं घरचे आत्तापासून विचारत असतील. तो दुसऱ्या वर्षाअखेरीपर्यंत ठरवायचा असतो. तोवर रसायनशास्त्राच्या जोडीला नृत्याचा वर्ग घेतलास तरी कुणाला नवल वाटणार नाही.

वर्ग लहान असतात. मागच्या बाकावर लपायची सोय नाही. न वाचता आलेली मुलगी दहा मिनिटांत उघडी पडते. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, काही अडलं नसलं तरी जा. आपल्याकडे सरांशी नुसत्या गप्पा मारायला जाणं आगाऊपणाचं वाटतं, तिथे ते अपेक्षितच असतं. पुढे शिफारसपत्रंही अशाच ओळखीतून चांगली मिळतात.

कॉलेजचं गाव, साउथ हॅडली, शांत आहे. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो आणि जीव उबगतो. जवळच्या स्मिथ, ॲम्हर्स्ट कॉलेजांत किंवा यूमासला (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात) कोर्स घेता येतो, बसही आहे. पण पहिल्याच सत्रात नको, जेवणाच्या वेळांचे वांधे होतात.

शरदात एके सकाळी घंटा वाजते: माउंटन डे! तारीख आधी फोडत नाहीत. वर्ग रद्द, सगळ्या डोंगरावर. असाइनमेंट राहिलीय म्हणून खोलीत बसू नकोस (तू बसशील, ओळखते मी तुला).

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. सुरुवातीला आठ-दहा पुरे. लायब्ररीपेक्षा डायनिंग हॉलमध्ये ओळखी लवकर होतात. आणि बर्फातले बूट मुंबईहून नेऊ नकोस, तिथेच घे.