जॉर्ज जेमसन हे रुबेन्सचे शिष्य होते का?
स्कॉटलंडचे पहिले नामवंत व्यक्तिचित्रकार जॉर्ज जेमसन फ्लेमिश चित्रकार रुबेन्सकडे शिकले, असे जुन्या लेखनात आढळत असले तरी त्याला कागदोपत्री आधार नाही. नोंद आहे ती १६१२ मध्ये एडिंबरा येथे जॉन अँडरसन या नातलग सजावट-चित्रकाराकडे सुरू केलेल्या उमेदवारीची. अ‍ॅबर्डीनच्या गवंड्याच्या या मुलाने, १६३३ मध्ये राजा पहिला चार्ल्स राज्याभिषेकासाठी एडिंबऱ्यास आला तेव्हा, स्वागतासाठी स्कॉटिश राजांची चित्रे रंगवली आणि पुढे ग्लेनॉर्कीच्या कॅम्पबेल घराण्याचेही काम केले. फ्लेमिश व्यक्तिचित्रकार व्हॅन डाइक यांच्यावरून दिलेली ‘स्कॉटलंडचे व्हॅन डाइक’ ही उपाधी मला अन्यायकारक वाटते, कारण जेमसन यांच्या चित्रांतील संयत, शांत चेहऱ्यांचे मोल त्या तुलनेत झाकले जाते. पुढे प्रसिद्धीस आलेले चित्रकार जॉन मायकेल राइट १६३६ पासून त्यांचेच शिष्य होते. जेमसन १६४४ मध्ये वारले.