एमएस्सीच्या प्रोजेक्टला हायड्रा घेऊ की ह्युमन सेल लाइन? घरचे विचारतात, पाणकिड्यावर काम करून माणसाला काय उपयोग?

हायड्रा घे. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण 'पाणकिडा' वाचून राहवलं नाही म्हणून पुढचं लिहितेय. मी पुण्यातच हायड्रावर (गोड्या पाण्यातला काही मिलिमीटरचा नळीसारखा प्राणी) पीएचडी केली, आता ते काम करत नाही, त्यामुळे कोणाची जाहिरात करतेय असं समजू नकोस.

घरच्यांचं मनावर घेऊ नकोस. माझे सासरे अजून पाहुण्यांना सांगतात, "ही पाण्यातल्या जंतूंचं काहीतरी करायची." बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने असं म्हटलं तर मला काही वाटत नाही. डोकं फिरतं ते याच क्षेत्रातली माणसं हेच विचारतात तेव्हा.

आमचा वार्षिक रिव्ह्यू होता. बाहेरून एक एक्स्पर्ट आलेले, कॅन्सरवाले, मोठं नाव. मी स्लाइड लावली होती ती माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोची. हायड्राला ॲल्स्टरपॉलोन नावाच्या केमिकलमध्ये एक दिवस ठेवून, धुवून परत साध्या मिडियममध्ये सोडलं की पुढच्या काही दिवसांत त्याच्या अख्ख्या अंगावर टेंटॅकल्स, म्हणजे भक्ष्य पकडायचे धाग्यासारखे हात, फुटतात. एरवी ते फक्त तोंडाभोवती असतात, इथे पोटावर, बाजूला, कुठेही. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेजारच्या लॅबमधल्यांना हाक मारून आणलं होतं. तर हे सर फोटो बघून म्हणाले, "बघायला छान आहे, पण पेशंटला काय? हेच एखाद्या कोलोन कॅन्सरच्या सेल लाइनवर (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवर) करा ना, पटकन पब्लिश होईल."

माझे गाइड लॅपटॉपमध्ये बघत बसले. मी गप्प बसले नाही.

मी म्हटलं, सर, हे टेंटॅकल्स फुटतात ते ॲल्स्टरपॉलोन जीएसके-३ या एन्झाइमला बंद पाडतं आणि मग बीटा-कॅटेनिन हे प्रोटीन मोडायचं थांबून पेशीत साठत जातं म्हणून. आणि तुमच्या कोलोन कॅन्सरमध्ये बहुतेक पेशंटांत जो एपीसी जीन बिघडलेला असतो, त्याचं काम काय, तर हेच बीटा-कॅटेनिन मोडून काढायचं. म्हणजे माझ्या फोटोत आणि तुमच्या ट्यूमरमध्ये एकच विंट पाथवे, म्हणजे पेशींना निरोप देणारी एकच साखळी, चालू आहे. आणि हा पाथवे मुळात सापडला कुठे? १९७६ साली शर्मा आणि चोप्रा या आपल्याच देशातल्या दोघांनी फळमाशीचा एक म्युटंट वर्णन केला, पंख नसलेला, विंगलेस. त्यांना कोणी पेशंटबद्दल विचारलं असतं तर काय सांगणार होते बिचारे? पुढे १९८२ला नुसे आणि वार्मस यांना उंदराच्या स्तनाच्या ट्यूमरमध्ये इंट-१ नावाचा जीन सापडला, आणि १९८७ला कळलं की इंट-१ आणि माशीतला विंगलेस हा एकच जीन (विंगलेस आणि इंट मिळूनच विंट). माशीवाल्यांनी आधी काम करून ठेवलं नसतं तर उंदीरवाले त्या जीनच्या सिक्वेन्सकडे नुसतेच बघत बसले असते.

सर म्हणाले, "ते ठीक आहे, पण टायटलमध्ये ह्युमन पाहिजे." यावर काय बोलणार! बाहेर टपरीवर चहा घेताना गाइड मला म्हणाले, "तुला गप्प बसता येत नाही का गं?" नाही येत, तेव्हाही येत नव्हतं. त्या रिपोर्टमध्ये 'ट्रान्सलेशनल व्हॅल्यू मर्यादित', म्हणजे पेशंटला फारसा उपयोग नाही, असा शेरा पडला आणि तो पुढच्या प्रत्येक रिव्ह्यूला माझ्या मागे लागला.

तेव्हा वेळ संपली म्हणून एक मुद्दा राहून गेला, तो इथे लिहिते, तुझ्या प्रश्नालाही तो लागू आहे. कोलोनची सेल लाइन म्हणजे कोणती, तर लोक एसडब्ल्यू-४८० नाहीतर एचसीटी-११६ घेतात. पहिलीत एपीसी बिघडलेला, दुसरीत एपीसी ठीक पण बीटा-कॅटेनिनच बिघडलेलं. दोन्हीत दिव्याचं बटण चालूवर अडकून बसलंय. तो बंद कसा करायचा हे तिथे जरूर विचारावं, पण मुळात तो एकाच खोलीत कसा लागतो आणि बाकीच्या घरात का लागत नाही, हे तिथे कसं विचारणार? हायड्रात याच पाथवेचा विंट३ जीन तोंडाच्या टोकाशी चालू असतो आणि खाली अंगभर नाही, आणि हायड्राच्या पेशी सतत नव्या होत असताना ही हद्द टिकून राहते. मधून कापलं तर खालच्या तुकड्याला दोन-तीन दिवसांत नवं डोकं येतं, एकच येतं, योग्य टोकालाच येतं. एथेल ब्राउन या संशोधिकेने १९०९ साली तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगात बसवून तिथे नवा हायड्रा उगवून दाखवला होता, स्पेमान आणि मॅन्गोल्ड यांनी न्यूट या बेडकाच्या वर्गातल्या प्राण्यावर केलेल्या अशाच प्रयोगाच्या १५ वर्षं आधी. नोबेल १९३५ला स्पेमानला. असो.

आणि 'ह्युमन' सेल लाइन म्हणजे माणूस, हा गैरसमज आधी काढून टाक. माणसाच्या पेशीत क्रोमोसोम ४६, हीला या सगळ्यात जुन्या ह्युमन सेल लाइनमध्ये ७६ ते ८०. १९५१पासून शरीराबाहेर, लॅबच्या भांड्यांत वाढतेय ती. उपयोग प्रचंड झाला, कोण नाही म्हणतंय, पण तिला माणूस म्हणायचं आणि हायड्राला किडा म्हणायचं हे मला पटत नाही. माझी एक मैत्रीण दुसऱ्या शहरात सेल लाइनवर होती, तिच्या कल्चरमध्ये मायकोप्लाझ्मा निघाला. ते बॅक्टेरिया इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत, मिडियम गढूळ होत नाही, सेल वॉल नसल्याने पेनिसिलिनला दाद देत नाहीत. डीएपीआय हा डीएनए चमकवणारा रंग लावल्यावर न्यूक्लियसच्या बाहेर ठिपके दिसले तेव्हा कळलं, तोवरचा सगळा डेटा केराच्या टोपलीत. हायड्रा आजारी पडला की आधी टेंटॅकल्स आखडतात, मग गोळा होतो, सकाळी डिश उचलली की समजतं.

खर्चही बघ. सीओटू इनक्युबेटर नको, महागडं सीरम नको. १८ डिग्रीचा साधा इनक्युबेटर, काचेची भांडी आणि आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी, खायला. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात एअर पंप लावून उबवायची, पिल्लं उजेडाकडे पोहत येतात, तिथून ओढून बारीक जाळीवर धुवायची (मीठ राहिलं तर हायड्रा मरतो) आणि पाश्चर पिपेटने सोडायची. टेंटॅकलला पिल्लू लागलं की तिथेच थिजतं, मग तोंड उघडतं, अर्ध्या तासात सगळ्यांची पोटं नारिंगी. काही तासांनी उरलंसुरलं ओकून टाकतात, तेव्हा परत मिडियम बदलायचं. प्रयोगाच्या आधी एक दिवस उपाशी. वेळापत्रक नीट लाव, नाहीतर ४८ तासांचे नमुने नेमके विसर्जनाच्या दिवशी येतात आणि मग लकडी पुलावरच्या गर्दीतून चालत लॅब गाठायची. उन्हाळ्यात लाइट गेली तर इनक्युबेटरचं दार उघडू नकोस, एवढं लक्षात ठेव.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. एखादं औषध माणसाच्या लिव्हरला झेपेल का हे हायड्रा सांगणार नाही, त्याला लिव्हर नाही, रक्त नाही, अँटिबॉडी नाहीत. जीन बंद-चालू करायची साधनं माशीत किंवा यीस्टमध्ये आहेत तितकी हायड्रात हाताशी नाहीत, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये ट्रान्सजेनिक (बाहेरचा जीन घातलेला हायड्रा) वगैरे डोक्यात घेऊ नकोस. आणि पुढे कंपनीत नोकरी करायची असेल तर हडपसर काय आणि हिंजवडी काय, इंटरव्ह्यूला सेल कल्चर येतं का हेच विचारतात, तेव्हा ते हाताखालून गेलेलं असू दे. पुणे विद्यापीठात एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) आहेच, देशभर सेल लाइन तिथून जातात, तिथे समर ट्रेनिंग मिळालं तर सोडू नकोस. यीस्ट मिळत असेल तर तेही वाईट नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल नर्सच्या लॅबने १९८७ला माणसाचा जीन यीस्टमध्ये घालून अडलेलं पेशीविभाजन चालू करून दाखवलं, आणि त्याच घराण्यातल्या प्रोटीन्सना अडवणारी गोळी २०१५पासून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटना मिळतेय. घरच्यांना हे उदाहरण सांग, गोळी म्हटलं की पटतं.

गाइड कोण आहे हे तू लिहिलंच नाहीस, त्यावर बरंच अवलंबून आहे. सीनियर्सना एकटं गाठून विचार, सरांसमोर नको. आणि रिव्ह्यूला कोणी "पेशंटला काय" विचारलं तर विंगलेसचं सांग, साल सांग. पुण्यातल्या हायड्राच्या स्ट्रेनचं नाव हायड्रा वल्गॅरिस इंड-पुणे असं जगाच्या पेपरांत छापून येतं, हेही ऐकव.