शेवट ठाऊक असलेली गोष्ट कशी सांगावी?

प्रश्न : कर्णाच्या आयुष्यावर कादंबरी लिहिण्याचा मी दोन वर्षे प्रयत्न करीत आहे. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ दोनदा वाचली. भारावून गेले, पण त्यातले तंत्र हाती लागत नाही. शेवट सर्वांना ठाऊक असताना उत्कंठा कशी टिकवावी? आणि कर्णालाच ‘मी’ म्हणून बोलू दिले, तर त्याच्या मृत्यूचे काय करावे?

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर खुद्द महाभारतातच आहे. भीष्मपर्वात संजय रणांगणावरून परततो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊनच. दहा दिवसांच्या युद्धाची हकीकत तो त्यानंतर, धृतराष्ट्राने शोकाकुल होऊन विचारल्यावर, सविस्तर सांगतो. द्रोण आणि कर्ण यांच्या बाबतीतही आधी मृत्यूची बातमी येते, मग युद्ध येते. काय झाले ते आधी सांगून टाकायचे आणि कसे झाले यासाठी श्रोत्याला खिळवून ठेवायचे, ही रीत या कथेच्या अंगातच आहे. तेव्हा शेवट लपवण्याच्या खटाटोपात पडू नका.

उत्कंठा निर्माण होते ती कोणाला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यातून. उद्योगपर्वातील कुंती-कर्ण भेट पाहा. कर्ण गंगेकाठी पूर्वेकडे तोंड करून, हात उंचावून जप करीत उभा आहे. कुंती त्याच्या मागे येऊन थांबते आणि ऊन सोसवेना म्हणून त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. सुकत चाललेल्या कमळांच्या माळेसारखी ती दिसते, असे व्यास सांगतात. ज्याला जन्मतःच दूर केले, त्या मुलाच्या वस्त्राची सावली आई घेते आहे, आणि यावर मूळ ग्रंथात भाष्याचे एक अक्षरही नाही. पाठ तापल्यावर कर्ण वळतो, तिला पाहतो आणि ‘मी राधेचा आणि अधिरथाचा मुलगा कर्ण, आपल्याला अभिवादन करतो’ असे म्हणतो. कृष्णाने त्याला त्याच्या जन्माचे रहस्य आधीच सांगितलेले आहे! वाचकाला हे ठाऊक आहे, कर्णाला ठाऊक आहे, आणि सांगायला आलेल्या कुंतीला मात्र त्याला ते ठाऊक असल्याची कल्पना नाही. त्या एका अभिवादनात किती धार आहे, हे मला दर वाचनात नव्याने जाणवते. हा प्रसंग आपण आधी कुंतीच्या तोंडून लिहून पाहा. तिला बराच वेळ त्याची फक्त पाठ दिसते आहे, एवढे बंधन कसोशीने पाळा.

१९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मृत्युंजय’चे बळ अशाच वाटणीत आहे. तिच्या नऊ भागांपैकी चार कर्णाच्या तोंडी आहेत आणि उरलेले पाच कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, त्याचा भाऊ शोण व श्रीकृष्ण यांच्या. तिसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन बसा आणि त्या त्या निवेदकाला त्या क्षणी काय ठाऊक आहे, एवढेच समासात टिपत जा. तिच्या अलंकृत शैलीचे अनुकरण मात्र टाळा. ती लेखकाची स्वतःची आहे, आणि उसनी घेतली की नुसती विशेषणेच उरतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच मांडणीत आहे: अखेरचा भाग श्रीकृष्णाचा आहे. निवेदकच मरणार असेल, तर शेवटचा शब्द दुसऱ्याकडे सोपवावा लागतो, आणि तो कोणाकडे जातो यावर साऱ्या कथेचा अर्थ फिरतो. तो श्रीकृष्णाऐवजी कर्णाला वाढवणाऱ्या राधेकडे दिलात, तर आपली कादंबरी राजपुत्राची न राहता एका सूताच्या घरची होईल. मला स्वतःला ती वाचायला आवडेल. फक्त द्यूतसभेत द्रौपदीविषयी कर्णाने काढलेले उद्गार नायकाच्या प्रेमापोटी गाळू नका. ते राधेच्या कानावर कधी आणि कोणाकडून आले असतील, याचा विचार करून तो प्रसंगही लिहा.