तीन गुणांच्या फेकी की फ्री थ्रो?

प्रश्न : कॉलेज बास्केटबॉलमध्ये लांबून तीन गुणांच्या फेकी सहज टाकणारा खेळाडू एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्येही तसाच चालेल, हे ड्राफ्टआधी (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्याआधी) कसं ओळखायचं?

उत्तर : मी आधी त्याची फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर ठरलेल्या जागेवरून कुणी न अडवता टाकायच्या फेकीची टक्केवारी बघतो. कॉलेजच्या एका मोसमात जेमतेम पस्तीसेक सामने. तेवढ्यात तीन गुणांचा आकडा नशिबानेही फुगतो. शिवाय एनबीएची तीन गुणांची रेषा २३ फूट ९ इंचांवर, कॉलेजची त्याहून जवळ. फ्री थ्रोत मात्र हाताचं वळण उघडं पडतं.

उंची-वजनाच्या मापांवर माझा फारसा जीव नाही. व्हिलानोव्हा विद्यापीठाकडून दोन कॉलेज विजेतेपदं जिंकलेला आणि पुढे एनबीएत नाव कमावलेला जेलन ब्रन्सन २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ३३व्या क्रमांकापर्यंत घसरला; सहा फूट दोन इंच, म्हणे कमी! त्याची पावलं कुणी नीट पाहिलीच नाहीत.